आज्ञा आधी की कथा आधी? : मराठी ख्रिस्ती प्रचारवाङ्मयातील ईश्वरी नियमशास्त्राचे स्थान

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा त्याच्या भाषेकडे, त्यातील छंदांकडे किंवा हिंदुधर्मावरील टीकेकडे वळते. हे स्वाभाविक आहे. परंतु त्यामुळे या वाङ्मयाच्या रचनेमागे असलेला एक मूलभूत पेच दृष्टीआड राहतो. ज्याला ख्रिस्ताची सुवार्ता सांगावयाची त्याच्यापुढे प्रथम काय ठेवावयाचे? ईश्वराची आज्ञा, की ख्रिस्ताचे चरित्र? आधी त्याला तो अपराधी असल्याचे पटवावयाचे, की आधी क्षमा करणाऱ्याचे दर्शन घडवावयाचे? प्रश्न वरकरणी उपदेशपद्धतीचा वाटतो. प्रत्यक्षात त्याच्या उत्तरावर ग्रंथाचा वाङ्मयप्रकार, त्याची भाषा आणि त्याचा वाचक या तिन्ही गोष्टी अवलंबून राहिल्या आहेत. फादर स्टीफन्सचे पुराण, जॉन विल्सनची खंडनपत्रे, बाबा पदमनजींची कादंबरी आणि आत्मचरित्र, नारायण वामन टिळकांचे काव्य ही सारी एकाच परंपरेची अपत्ये मानली जातात. परंतु या एका प्रश्नाच्या उजेडात पाहिले असता त्यांच्यातील अंतर चांगलेच उठून दिसते.

या पेचाचे मूळ पौलाच्या पत्रांत आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल असे प्रतिपादतो की नियमशास्त्रामुळे मनुष्य नीतिमान ठरत नाही. त्याच्यामुळे पापाची जाणीव मात्र होते. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तो नियमशास्त्राला, श्रीमंताच्या मुलाला गुरूकडे पोहोचविणाऱ्या घरच्या दासाची उपमा देतो. मराठी पवित्र शास्त्रात या दासासाठी ‘बालरक्षक’ असा शब्द योजिला आहे. म्हणजे नियमशास्त्र हे गंतव्यस्थान नव्हे; ते वाटेवरचे, पण टाळता न येणारे ठिकाण आहे. ल्यूथरने ही भूमिका टोकाला नेली. त्याच्या १५२९ सालच्या लघु प्रश्नोत्तरीत दहा आज्ञा अगदी आरंभी येतात आणि श्रद्धासूत्र त्यानंतर. आधी रोगनिदान, मग औषध असा हा क्रम आहे. कॅल्व्हिनने नियमशास्त्राचे तीन उपयोग सांगितले. ते मनुष्याला त्याचे पाप दाखविणारा आरसा आहे, समाजातील दुराचाराला आवर घालणारा लगाम आहे आणि श्रद्धावंताला वाट दाखविणारा दिवाही आहे. कॅथलिक परंपरेचा क्रम वेगळा. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर १५६६ साली सिद्ध झालेल्या रोमन प्रश्नोत्तरीत श्रद्धासूत्र आणि संस्कार आधी येतात आणि दहा आज्ञा त्यांच्या मागून. ही तपशिलाची बाब आहे असे समजून ती सोडून देता येणार नाही. गोव्यातील आणि मुंबईतील ख्रिस्ती मराठी एकमेकांपासून इतकी भिन्न का, याचे निदान अर्धे उत्तर या क्रमातच दडलेले आहे.

तथापि ग्रंथांकडे वळण्यापूर्वी शब्दांचा विचार करणे अगत्याचे आहे. प्रचारक मराठीत बोलू लागला तेव्हा त्याच्यापुढे रिकामी पाटी नव्हती. ‘धर्म’ हा शब्द त्याला विधी, कर्तव्य, स्वभाव, दान अशा अनेक अर्थांनी आधीच व्यापलेला आढळला. ‘शास्त्र’ हा शब्द प्रमाणभूत होता, परंतु तो ब्राह्मणाच्या मुखातला. पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतरांत रूढ झालेला ‘नियमशास्त्र’ हा जोडशब्द या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. ‘नियम’ म्हणजे, योगशास्त्रात असो की वारकऱ्याच्या घरी असो, मनुष्याने आपण होऊन स्वतःवर घालून घेतलेले बंधन. वारीचा नेम, एकादशीचा नेम, चातुर्मासाचा नेम. नेम मोडला तर हळहळ वाटते, दोष लागतो. पण नेम घेणारा मनुष्यच असतो. सीनाय पर्वतावर मेघगर्जनेत दिल्या गेलेल्या आज्ञांचा भाव या शब्दात सहजासहजी उतरत नाही. ‘आज्ञा’ हा शब्द त्याहून जवळचा, कारण आज्ञेला देणारा असावा लागतो : राजा, पिता किंवा गुरू. ‘कायदा’ हा शब्द दरबाराचा आणि कचेरीचा; त्यात धाक आहे, पण पावित्र्य नाही. कोकणी ख्रिस्ती व्यवहारात मात्र दहा आज्ञांना ‘धा उपदेस’ असे म्हणतात. उपदेश गुरू शिष्याला करतो, आणि तो शिष्य झाल्यावर करतो. एका शब्दाच्या निवडीत केवढा फरक सामावला आहे हे पुढील विवेचनावरून ध्यानात येईल.

याहून बिकट शब्द ‘पाप’. व्रतकथा आणि पुराणकथा यांत पाप हे पुष्कळदा नकळत घडते. उष्टे पडले, उंबरा ओलांडला, व्रताचे उद्यापन राहिले आणि दोष लागला. ते एखाद्या डागासारखे असते. तो डाग धुण्याचे मार्गही ठरलेले : स्नान, दान, तीर्थयात्रा, प्रायश्चित्त. पुण्याच्या जमेशी पापाच्या नावेचा मेळ घालता येतो. प्रॉटेस्टंट प्रचारकाला अभिप्रेत असलेले पाप याहून निराळे होते. स्कॉटिश मिशनऱ्यांच्या धर्मशिक्षणाचा पाया असलेल्या वेस्टमिन्स्टर लघु प्रश्नोत्तरीत (१६४७) पापाची व्याख्याच ईश्वरी नियमाच्या आधाराने केलेली आहे : त्या नियमाशी सुसंगत नसणे अथवा त्याचे उल्लंघन करणे म्हणजे पाप. या व्याख्येप्रमाणे नियम ठाऊक नसेल तर पापाची ओळख पटणार नाही, आणि पापाची ओळख पटली नाही तर तारणाऱ्याची गरजही भासणार नाही. म्हणून या परंपरेतल्या प्रचारकाला नियमशास्त्रापासून आरंभ करणे भागच होते. श्रोता मात्र ‘पाप’ हा शब्द ऐकून आपल्या ओळखीच्या डागाचा विचार करीत होता, आणि तो कसा धुवावयाचा हे त्याला पूर्वीपासून माहीत होते.

गोव्यातील परिस्थिती मुळातच निराळी होती. थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि त्याचे बहुतेक आयुष्य साष्टीत गेले. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. १६४९ व १६५४ साली त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. ग्रंथाची ‘पहिले पुराण’ व ‘दुसरे पुराण’ अशी विभागणी आहे. पहिल्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासून संदेष्ट्यांपर्यंतची जुन्या करारातील कथा आणि दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. ओव्यांची एकूण संख्या दहा हजारांहून अधिक आहे. या ग्रंथाचा वाचक कोण हे नीट लक्षात घ्यावयास हवे. तो बहुतांशी बाप्तिस्मा झालेला, किंबहुना ज्याच्या बापाचा वा आजाचा बाप्तिस्मा झालेला आहे असा साष्टीकर होता. देवळे पाडली गेली होती, जुनी पुराणे वाचण्यास बंदी होती आणि त्यांच्या जागी दुसरे काही हाती नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी हे पुराण रचले गेले. रविवारी आणि सणांच्या दिवशी ते देवळांत वाचले जात असे.

अशा वाचकाला नियमशास्त्र दाखवून घाबरविण्याचे कारण नव्हते. तो आधीच आत आलेला होता, स्वखुशीने असो वा नसो. म्हणूनच स्टीफन्सच्या ग्रंथात सीनायवरील आज्ञा येतात त्या कथेच्या ओघात येतात. मिसर देशातील दास्य, समुद्र दुभंगणे, अरण्यातील भटकंती आणि मग पर्वतावरील आज्ञा. श्रोत्याला आज्ञेआधी सुटका ऐकावयास मिळते. मूळ निर्गम ग्रंथाचा क्रमही हाच आहे, हे विसरता कामा नये. इस्राएलाला दास्यातून सोडविल्यानंतरच त्याला आज्ञा दिल्या जातात. पुराण या वाङ्मयप्रकाराची निवड करताना स्टीफन्सने हा क्रम अनायासे राखला. ओवीला वाद घालता येत नाही असे नाही, आणि ‘क्रिस्तपुराणा’त मूर्तिपूजेचा निषेधही आहे. पण ओवीचा मूळ धर्म सांगत जाण्याचा आहे, आणि तिच्या गतीत आज्ञासुद्धा कथेचाच एक प्रसंग बनते.

आज्ञांची शिस्तशीर शिकवण स्टीफन्सने दुसऱ्या ग्रंथासाठी राखून ठेविली. त्याची कोकणीतील प्रश्नोत्तरी त्याच्या मृत्यूनंतर १६२२ साली रायतूरलाच छापली गेली. तिचा वाचक मुलगा किंवा नवखा ख्रिस्ती, आणि तिची भाषा तोंडपाठ करण्याजोगी. या आज्ञांचा प्रत्यक्ष उपयोग पापनिवेदनाच्या वेळी होई. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेपासून प्रत्येक कॅथलिकाला वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करणे बंधनकारक होते आणि आत्मपरीक्षणाची यादी म्हणून दहा आज्ञांचा वापर सर्रास होत असे. कॅल्व्हिनच्या भाषेत बोलायचे तर गोव्यात नियमशास्त्र मुख्यतः दिवा होते आणि वर्षातून एकदा आरसा होते.

मात्र ते लगामही होते, आणि येथे साहित्याच्या अभ्यासकाला राजकीय इतिहासाकडे डोळेझाक करता येत नाही. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना झाली. मधला अल्पसा खंड वगळता ते १८१२ पर्यंत चालले. १७३६ साली त्याने काढलेल्या फर्मानात नवख्रिस्त्यांच्या पोशाखापासून अंगणातल्या तुळशीपर्यंत नाना गोष्टींवर बंदी घातली होती. सीनायवर तुळशीचा उल्लेख नाही. परंतु शिक्षा करणारा हात एकच असला की ईश्वराची आज्ञा कोणती आणि सरकारचा हुकूम कोणता हे सामान्य माणसाला वेगळे करता येत नाही. ‘उपदेस’ या शब्दातील गुरुशिष्यभाव अशा वेळी फार काळ टिकणे कठीण होते. स्टीफन्सच्या पुराणातील सौम्यता वाचताना तिच्या भोवतालची ही कठोरता नजरेआड करणे म्हणजे ग्रंथाचे अर्धेच वाचन करणे होय.

मुंबईत पट पूर्णपणे पालटतो. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत आले. १८१७ पासून त्यांच्या छापखान्यातून मराठी मजकूर निघू लागला. १८२९ साली स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आला. या मंडळींच्या हाती सत्ता नव्हती. कंपनी सरकार त्यांच्याकडे संशयानेच पाहत होते. श्रोता बाप्तिस्मा न झालेला, बुद्धिमान आणि उत्तर देण्यास मोकळा असा होता. सत्तेचा लगाम नसल्यामुळे उरला तो आरसा. रस्त्याच्या कडेला, शाळेत, छापील पत्रकांत ईश्वराच्या आज्ञा पुढे ठेवून श्रोत्याला त्याचा अपराध पटवावयाचा हा मार्ग त्यांनी पत्करला.

येथे आज्ञांच्या मोजणीतील एक भेद निर्णायक ठरतो. आज्ञा दहाच, पण त्या कशा मोजावयाच्या याविषयी एकमत नाही. ऑगस्टिनला अनुसरणारी कॅथलिक परंपरा मूर्तिनिषेधाचा अंतर्भाव पहिल्याच आज्ञेत करते आणि लोभाविषयीची आज्ञा दोन भागांत मोजते. कॅल्व्हिनच्या परंपरेत मूर्तिनिषेध ही स्वतंत्र, दुसरी आज्ञा आहे. मुंबईच्या प्रॉटेस्टंट प्रचारकाच्या हाती ही दुसरी आज्ञा म्हणजे सर्वांत मोठे शस्त्र होते. परिणामी दहांपैकी एका आज्ञेने उरलेल्या नवांना झाकून टाकले. खून, चोरी, व्यभिचार, खोटी साक्ष या आज्ञा ज्या आत्मपरीक्षणाला प्रवृत्त करू शकल्या असत्या ते बाजूस राहिले आणि वाद देवळातल्या मूर्तीवर येऊन थांबला. आरसा श्रोत्याच्या तोंडासमोर धरावयाचा तो त्याच्या देवासमोर धरला गेला. शिवाय माहीम आणि वांद्रे येथील चर्चमधून मेरीच्या मूर्ती मुंबईकराला रोज दिसत होत्या, तेव्हा ‘तुमचा नियम’ म्हणजे नेमका कोणाचा, असे विचारण्याची त्याला सोय होती.

१८३० आणि १८३१ साली मुंबईत झालेल्या वादांतून मोरभट दांडेकरांचे ‘श्रीहिंदुधर्मस्थापन’ आणि त्याला उत्तर म्हणून विल्सनचे १८३२ सालचे खंडन, तसेच १८३४ सालचे दुसरे खंडन ही प्रकरणे उद्भवली. या वादांचे वाङ्मयीन मोल बेताचेच आहे. एकाच मुद्द्याचे चर्वितचर्वण फार. तरी त्यांच्या मुळाशी असलेला एक प्रश्न खरोखर गहन होता : ईश्वर स्वतः आपल्या नियमाने बांधलेला आहे काय? भागवताच्या दशम स्कंधात रासक्रीडेनंतर परीक्षिताने शुकाला नेमके हेच विचारले आहे, आणि तेजस्व्याला दोष लागत नाही, अग्नी सर्व काही भस्म करूनही शुद्धच राहतो, अशा आशयाचे उत्तर तेथे दिले आहे. विल्सनच्या परंपरेला हे उत्तर मान्य होण्यासारखे नव्हते. तिच्या मते नियम ही ईश्वराच्या पावित्र्याचीच अभिव्यक्ती. तो तिच्याविरुद्ध वागला तर तो ईश्वरच नव्हे. दोन्ही बाजू ‘देव’ आणि ‘पाप’ हेच शब्द वापरीत होत्या. मात्र एका बाजूला देव हा नियमाचा उगम होता आणि दुसऱ्या बाजूला तो नियमाच्या पलीकडे होता. हा भेद स्पष्टपणे मांडला गेला असता तर मराठीत एक खरा तात्त्विक संवाद घडला असता. तसे झाले नाही. कृष्णचरित्राची यादी एका बाजूने आणि जुन्या करारातील कुलपतींच्या वर्तनाची यादी दुसऱ्या बाजूने, असे त्याचे स्वरूप राहिले.

दुसरे उत्तर अधिक शांत आणि म्हणून अधिक परिणामकारक होते : असा नियम आमच्याकडेही आहे. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात धर्माची दहा लक्षणे सांगितली आहेत, दहाव्या अध्यायात चारही वर्णांना समान असा अहिंसा, सत्य, अस्तेय, शौच आणि इंद्रियनिग्रह यांचा संक्षिप्त धर्म आहे. योगायोगाने पहिली यादी दहाचीच. आणि पाप घडलेच तर प्रायश्चित्त आहे. १८४३ साली मिशनऱ्यांच्या घरी राहून आलेल्या श्रीपत शेषाद्री या ब्राह्मण मुलाला प्रायश्चित्त देऊन स्वजातीत परत घ्यावे की नाही, यावरून मुंबईत जो वाद पेटला त्यात बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला परत घेण्याचा पक्ष घेतला आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. ख्रिस्ती प्रचारक ख्रिस्ताचा मृत्यू हे एकदाच आणि सर्वांसाठी झालेले प्रायश्चित्त म्हणून सांगत होते. तर हिंदू समाज एका मुलाला प्रायश्चित्त लागू पडते की नाही याचा काथ्याकूट करीत होता. त्या वर्षी मुंबईच्या वाचकाला हा शब्द दोन्हीकडून ऐकू येत असला पाहिजे.

तेव्हा नियमशास्त्राच्या प्रचारात मराठी समाजाला नवीन असे काय होते? चोरी करू नये हे नवीन नव्हते. नवीन होती ती नियमाची सर्वांवरील समान व्याप्ती. मनूचा सामान्यधर्म चारही वर्णांना एक असला, तरी त्याच स्मृतीतील दंड अपराध्याच्या आणि ज्याचा अपराध केला त्याच्या वर्णाप्रमाणे बदलतो, आणि ज्यांना वर्णाबाहेर टाकले त्यांना शास्त्र ऐकण्याचाही अधिकार नव्हता. सीनायची आज्ञा ब्राह्मणाला आणि मांगाला एकाच वाक्यात दोषी ठरवीत होती. एकाच वाक्यात दोषी ठरविते, म्हणून एकाच पायरीवर उभेही करीत होती. प्रचारकांना स्वतःला हे कितपत उमगले होते, याविषयी शंका घेण्यास जागा आहे. त्यांचे लक्ष बहुतकाळ सुशिक्षित ब्राह्मणाला वादात जिंकण्याकडे होते.

ज्यांना ते उमगले त्यांचा आवाज अन्यत्र ऐकावा लागतो. अहमदनगरहून १८४२ साली सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ या मिशनरी पत्रात १८५५ साली मुक्ता या मांग जातीच्या मुलीचा निबंध छापून आला. ती जोतीराव फुल्यांच्या शाळेतील विद्यार्थिनी. निबंधाचा विषय महारमांगांचे दुःख हा आहे, पण त्यातील सर्वांत टोकदार प्रश्न धर्मग्रंथाविषयीचा आहे : वेद ब्राह्मणांचे आणि ते पाहण्याचा आम्हांस अधिकार नाही, तर मग आम्ही धर्मग्रंथाविना, धर्माविनाच आहोत काय? आणि असे असेल तर आमचा धर्म कोणता हे ईश्वराने आम्हांस सांगावे. नियमशास्त्राला आरसा मानणाऱ्या साऱ्या उपदेशपद्धतीत एक गृहीत धरलेले आहे, ते असे की श्रोत्याजवळ कोणता ना कोणता नियम आहे आणि तो त्याने मोडला आहे. मुक्तेने हे गृहीतच उलटून टाकले. तिच्यापुढचा प्रश्न नियम मोडल्याचा नसून नियम नाकारला गेल्याचा होता. मिशनरी पत्राने हा निबंध छापला याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण त्यातील आव्हान त्या काळच्या प्रचारवाङ्मयाने पेलले असे म्हणवत नाही.

दोन वर्षांनी, १८५७ साली, बाबा पदमनजींचे (१८३१–१९०६) ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचा उल्लेख नेहमी होतो आणि तिच्या प्रचारकीपणाबद्दल नाकेही मुरडली जातात. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तिची रचना पाहण्यासारखी आहे. यमुना आणि विनायक हे जोडपे प्रवास करीत गावोगावच्या विधवांची दुःखे पाहते. पुढे यमुनेवरच वैधव्य ओढवते आणि अखेरीस ती ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. तिच्या प्रकाशनाच्या आदल्याच वर्षी, १८५६ साली, विधवाविवाहाचा कायदा झाला होता. या कादंबरीत तीन कायदे एकमेकांसमोर उभे आहेत : रूढीचा, सरकारचा आणि ईश्वराचा. पदमनजींनी नियमशास्त्राचा रोख बदलला. येथे आरसा पीडित स्त्रीपुढे धरलेला नाही. तिचे केशवपन करू पाहणाऱ्या समाजापुढे तो धरला आहे. ईश्वराच्या आज्ञेने मनुष्यकृत आज्ञेचा न्याय करावा ही मूळची संदेष्ट्यांची रीत. वादपत्रांतील दुसऱ्या आज्ञेच्या रटाळ पुनरुक्तीपेक्षा हा मार्ग वाङ्मयदृष्ट्या कितीतरी फलदायी ठरला, कारण त्याला माणसे लागली, प्रसंग लागले, गावे लागली. कथेला अवसर मिळाला तो येथे.

आरशाचा दुसरा, आतल्या बाजूचा उपयोग पदमनजींच्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात आढळतो. १८५४ साली बेळगावला बाप्तिस्मा घेण्यापूर्वीची मनाची स्थित्यंतरे, घरातील व्रतवैकल्ये, परमहंस सभेशी आलेला संबंध आणि हळूहळू होत गेलेला पालट यांचे ते निवेदन आहे. आत्मपरीक्षण मराठीला नवीन होते असे नाही. तुकोबांच्या अभंगांत स्वतःवर जी झोड उठविलेली आहे तिच्याहून प्रखर आत्मनिंदा ख्रिस्ती वाङ्मयात क्वचितच सापडेल. पण तुकोबा विठ्ठलासमोर उभे राहून भांडतात, रुसतात, स्वतःला पतित म्हणवून देवाला त्याच्या पतितपावन या बिरुदाची आठवण देतात. त्यांच्या हातात कलमवार यादी नाही. पदमनजींच्या गद्यात ती आहे. अमुक वयात अमुक केले, ते का केले, तेव्हा काय वाटले, आता त्याकडे पाहता ते काय होते. नियमासमोर उभे राहिलेल्या माणसाला आपला भूतकाळ क्रमाने आणि कारणांसह सांगावा लागतो. मराठी आत्मचरित्राच्या इतिहासात दादोबा पांडुरंगांचे लेखन आधीचे असले तरी ते प्रकाशात आले १९४७ साली. तेव्हा अंतःकरणाची झडती घेणाऱ्या छापील मराठी गद्याच्या घडणीत नियमशास्त्राचा हा वाटा मान्य करण्यास हरकत नसावी.

नियम आणि कृपा यांमधील अंतर सर्वांत तीव्रतेने अनुभवले ते पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२). धर्मशास्त्रे, पुराणे यांचे त्यांचे अध्ययन मिशनऱ्यांच्या ऐकीव माहितीवर आधारलेले नव्हते. ते त्यांनी स्वतः केलेले होते. ही सारी शास्त्रे परस्परांत कितीही भांडली तरी स्त्रीजातीविषयीच्या हीन मतात एक होतात, असा निष्कर्ष त्यांनी आपल्या आत्मनिवेदनात नोंदविला आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु त्याच निवेदनात त्या असेही सांगतात की त्यानंतर कितीतरी वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. म्हणजे एका शास्त्राच्या जागी दुसरे शास्त्र आले, नियमांचा एक संच जाऊन दुसरा आला. पौलाच्या भाषेत, बालरक्षक बदलला पण गुरू भेटला नाही. मिशनरी वाङ्मयातील धर्मांतरकथा बहुधा बाप्तिस्म्यापाशी संपतात. रमाबाईंनी ती कथा बाप्तिस्म्यानंतर पुढे नेली, आणि नियमशास्त्र पुढे करणाऱ्या प्रचाराची मर्यादा आतून दाखविली.

नारायण वामन टिळकांच्या (१८६१–१९१९) बाबतीत क्रमच उलटा झाला. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय गृहस्थाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. वाचता वाचता ते मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तेथून त्यांचे मन निघेना, असे त्यांनीच सांगितले आहे. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. डोंगरावरील प्रवचन हे टिळकांना प्रेमाचा संदेश म्हणून भिडले आणि पुढील मराठी वाचकही त्याकडे तसेच पाहतो. पण धर्मशास्त्रदृष्ट्या ते नियमशास्त्रच आहे, आणि सीनायच्याहून कठोर. खून करू नये एवढ्याने तेथे भागत नाही, राग धरणेही दोषास्पद ठरते. व्यभिचाराचा निवाडा डोळ्यांपासून सुरू होतो. शत्रूवर प्रेम करावयाचे असते. मूर्तीचा तेथे उल्लेख नाही, म्हणून वादाला जागा नाही. आणि आज्ञा देणारा मेघांत दडलेला नाही, तो शिष्यांसमोर बसून बोलतो आहे. महाराष्ट्रीय मनाला हे दृश्य ओळखीचे वाटले असल्यास नवल नाही. मिशनऱ्यांनी ऐंशी वर्षे आज्ञा सांगून जे साधावयाचा प्रयत्न केला ते टिळकांच्या बाबतीत आज्ञेनेच साधले, परंतु ती आज्ञा गुरूच्या मुखातून आल्यामुळे साधले. ‘आज्ञा’ आणि ‘उपदेस’ यांतील जे अंतर गोव्याच्या बोलीत शब्दापुरते होते ते येथे अनुभवाचे झाले.

टिळकांच्या कवितेत म्हणूनच अपराधाच्या जाणिवेपेक्षा सख्याची आणि मायेची भाषा अधिक आढळते. त्यांचे काही ख्रिस्ती टीकाकार याला पापविचाराचा सैलपणा म्हणतील, आणि त्या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. ज्या प्रवचनाने टिळक खिळून राहिले त्याची धार त्यांच्या अभंगांत क्वचितच जाणवते. ‘ख्रिस्तायना’त कथेच्या निमित्ताने ती यावयास वाव होता, पण ते काव्य टिळकांच्या हातून अपुरे राहिले आणि लक्ष्मीबाईंनी ते पुरे केले. १९१७ साली टिळकांनी मिशनचा आश्रय सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना व न घेतलेल्यांना सारखेच स्थान ठेविले. आत आलेल्याला उपदेश आणि बाहेरच्याला आरसा हा भेदच त्यांनी पुसून टाकला.

याच घरात नियमाचा प्रश्न आणखी एका पद्धतीने सुटलेला दिसतो, आणि त्याची नोंद ‘स्मृतिचित्रे’त (१९३४–३६) आहे. पतीने धर्मांतर केल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे सोडले नव्हते. त्या वेगळा स्वयंपाक करीत, वेगळे पाणी भरीत. त्यांना कोणी दहा आज्ञा सांगून जिंकले नाही, की मूर्तिपूजेवर व्याख्यान देऊन पटविले नाही. जात देवाने केली की माणसाने, एवढा एकच प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला, त्याचे उत्तर स्वतःच दिले आणि मग कोणाच्याही हातचे पाणी पिण्यास सुरुवात केली. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली, म्हणजे पाण्याचा हा प्रश्न सुटल्यानंतर झाला.